काकांच्या मशीनमधली एक ओळ

गेल्या महिन्यात एका बुधवारी रात्री काकूंचा फोन आला. "ऊट आतेन?" हा त्यांचा नेहमीचा पहिला प्रश्न झाला, पोरांची चौकशी झाली, आणि मग त्या मुद्द्यावर आल्या.

"अरे, माळ्यावर ह्यांचा तो कॉम्प्युटर आहे बघ. रविवारी भंगारवाला यायचाय. हा म्हणतोय, देऊन टाकू. तू एकदा येऊन बघून जातोस काय?"

'हा' म्हणजे माझा चुलतभाऊ. बंगळूरला नोकरीला असतो. शहापुरातल्या घराचे कौलारू छप्पर काढून स्लॅब घालायचे त्याने ठरवले आहे, त्यामुळे माळा रिकामा करणे भाग होते.

"काकू, तीस वर्षांपूर्वीचं मशीन ते. त्याला आता कोण विचारतंय?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच म्हणाल्या, "त्यात आमच्या आईची पदं आहेत की रे."

मी गुरुवारी कॉलेज सुटल्यावर तसाच शहापूरला गेलो.

वाचकांना काकांची थोडी ओळख करून द्यायला हवी. काका मराठी शाळेत मास्तर होते. १९९३ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी फंडाच्या पैशांतून त्यांनी एक ४८६ कॉम्प्युटर घेतला. निवृत्त मास्तराने कॉम्प्युटर घेणे ही त्या वेळी आमच्या गल्लीत दोन-तीन महिने पुरेल एवढी मोठी बातमी होती. काकांचा हिशेब मात्र सरळ होता. आपल्या भागात लग्नपत्रिका दोन लिप्यांत छापाव्या लागतात, मुलाकडचे मराठी आणि मुलीकडचे कानडी असा प्रकार घरोघरी. तेव्हा पत्रिकांचे मजकूर जुळवून प्रेसला द्यायचे काम घरबसल्या करता येईल.

त्यासाठी त्यांनी मशीनमध्ये भारतीय लिप्यांचे एक कार्ड बसवून घेतले होते. आजच्या मुलांना हे सांगून खरे वाटणार नाही, पण त्या काळी डॉसच्या कॉम्प्युटरला देवनागरी येतच नसे. ऐंशीच्या दशकात आय.आय.टी. कानपूरमध्ये या कामाला सुरुवात झाली, पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते हाती घेतले आणि 'जिस्ट' नावाचे कार्ड बाजारात आणले. काकांचे कार्ड त्याच पद्धतीचे होते. त्यामागे 'इस्की' नावाची सांकेतिक पद्धत होती, १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिची गंमत अशी की 'क' हा देवनागरीत असो, कानडीत असो वा तेलुगूत, त्याचा आतला आकडा एकच. त्यामुळे मजकूर देवनागरीत टाइप करायचा, लिपी बदलायची आज्ञा द्यायची, आणि तोच मजकूर पडद्यावर कानडी अक्षरांत उभा राहायचा. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला हे दाखवायचे. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी तर मशीनला हात जोडले होते.

काकू बैलहोंगलकडच्या. माहेरची भाषा कानडी. त्यांची आई जात्यावर बसली की एकामागून एक बीसुकल्लिन पदे म्हणायची, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी. ती गेल्यावर ती पदे काकूंच्या तोंडी तेवढी उरली. काकांनी ठरवले की ती सगळी उतरवून ठेवायची. दुपारी जेवणे झाली की काकू मशीनजवळ पाट घेऊन बसायच्या, एकेक ओळ म्हणायच्या, आणि काका ती देवनागरीत टाइप करायचे. काकांना कानडी बोलता येत असे, लिहिताना मात्र हात अडायचा. म्हणून भाषा कानडी आणि अक्षरे आपली.

मग १९९७ च्या उन्हाळ्यात मशीन बिघडले. इंग्रजी चालायचे, पण मराठी-कानडीचा प्रोग्रॅम सुरू केला की पडदा चित्रविचित्र होऊन सगळे गोठायचे. दुरुस्तीवाल्याने बघितले आणि "कार्ड गेलं" म्हणून सांगितले. नवे कार्ड महाग. काकांनी पत्रिकांचे काम सोडले, मशीनवर काकूंनी शिवलेले कापड चढले, आणि काही वर्षांनी ते माळ्यावर गेले. काका २०१६ साली गेले.

मी वर चढून ते धूड खाली आणले. मॉनिटर एकट्याने उतरवताना कंबर धरली ते वेगळेच.

अशी जुनी मशिने पुष्कळांच्या माळ्यावर असतील, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. लगेच प्लग लावून बटन दाबू नये. आधी उघडावे. त्या काळच्या बोर्डांवर घड्याळासाठी एक छोटी, पिंपासारखी बॅटरी डाखलेली असे, आणि ती वर्षानुवर्षे पडून राहिली की आतून गळते. काकांच्या बोर्डावर तिच्याभोवती हिरवट बुरशीसारखे पसरले होते. खडेबाजारात आमचा एक ओळखीचा दुरुस्तीवाला आहे, त्याने ती बॅटरी काढली, व्हिनेगर आणि स्पिरिटने बोर्ड पुसला, आणि बाहेरून दुसरी बॅटरी जोडून दिली. "सर, अजून दोन पावसाळे गेले असते तर तारा खाऊन टाकल्या असत्या," म्हणाला.

दुसरी गोष्ट म्हणजे हार्ड डिस्क. ती सुटी काढून यूएसबीच्या अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली आणि काही करायच्या आधी तिची जशीच्या तशी नक्कल करून घेतली. सगळी मिळून ४२० एमबी. आज मोबाइलवर येणारा लग्नाचा व्हिडिओ याहून मोठा असतो.

नक्कल झाली तेव्हा मला वाटले, संपले काम. 'पदा' नावाची फाइलसुद्धा सापडली. उघडली तर नुसता खिचडा. साधा इस्की मजकूर असता तर तो वाचून घ्यायची साधने आहेत, पण काकांचा प्रोग्रॅम फाइल आपल्या स्वतःच्या पद्धतीने बांधून ठेवत होता. ती त्याच प्रोग्रॅममध्ये उघडून साध्या मजकुरात साठवली तरच सुटणार. आणि तो प्रोग्रॅम कार्ड दिसल्याशिवाय पाऊल टाकत नव्हता. आजच्या लॅपटॉपवर डॉसचे सोंग आणणारे 'डॉसबॉक्स'सारखे प्रोग्रॅम मिळतात, त्यांत जुने खेळ झकास चालतात, पण खरे कार्ड त्यांच्यात कुठून आणणार? म्हणजे मूळ मशीनच चालवायचे आणि 'गेलेले' कार्ड त्यातच तपासायचे.

शुक्रवारी रात्री मशीन सुरू केले. घड्याळ १९८० सालात गेलेले. बायॉसमध्ये डिस्कची माहिती तिच्यावरच्या लेबलावरून पुन्हा भरली. मग 'स्टार्टिंग एमएस-डॉस' ही अक्षरे आली, हायमेमने मेमरी तपासून 'डन' म्हटले, आणि काळ्या पडद्यावर ते 'सी' आणि लुकलुकणारी रेघ. काकू मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी प्रोग्रॅमचे नाव टाइप करून एंटर मारला. पडदाभर रंगीत ठिपके आणि अर्धीमुर्धी अक्षरे पसरली आणि मशीन ठप्प झाले. बंद करून पुन्हा केले. पुन्हा तेच. १९९७ सालीही असेच होत होते.

आता थोडे तांत्रिक. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी भरभर पुढे जावे, पण गाठ इथेच आहे.

१९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी काढला. त्यातल्या इंटेल ८०८८ या चिपला मेमरीतले पत्ते सांगायला वीस तारा होत्या. वीस तारांवर १०,४८,५७६ पत्ते होतात, म्हणजे एक एमबी. आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. चौसष्ट केबीचा एक खण धरला तर हा सोळा खणी वाडा. पहिले दहा खण, म्हणजे ६४० केबी, राहणाऱ्यांचे. त्यात डॉस आणि आपले प्रोग्रॅम. उरलेले सहा खण, ३८४ केबी, वाड्याच्या कारभाराला राखलेले. त्यांतले पहिले दोन पडद्यावरच्या चित्राला, अगदी शेवटचा बायॉसला, आणि मधले निरनिराळ्या कार्डांना. खणांची मोजणी सोळाच्या पद्धतीने चालते, शून्य ते नऊ आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ. म्हणून 'डी०००' म्हणजे चौदाव्या खणाचा उंबरठा.

पुढे मशिने मोठी झाली, चार-आठ एमबीची झाली, पण डॉसने ही जुनी वहिवाट सोडली नाही. मागच्या परसात जागाच जागा, आणि प्रोग्रॅम मात्र पुढच्या दहा खणांत दाटीवाटीने. त्यावर उपाय म्हणून दोन कारभारी आले. हायमेम हा परसातल्या जागेचा कारभारी. आणि इएमएम३८६ हा वरच्या सहा खणांतले रिकामे कोपरे हुडकून तिथे माउस, प्रिंटर यांच्या छोट्या ड्रायव्हरांना पोटभाडेकरू म्हणून ठेवणारा. म्हणजे खालचे दहा खण मोठ्या प्रोग्रॅमना मोकळे. १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून हे सर्रास सुरू झाले.

आता अडचण अशी की रिकामा कोपरा ओळखायचा कसा? इएमएम३८६ सुरुवातीलाच प्रत्येक जागेत डोकावतो आणि कोणी दिसले नाही तर ती रिकामी समजतो. पण काही कार्डे हाक मारेपर्यंत गप्प असतात. कारभाऱ्याला वाटते, इथे कोणी राहत नाही, आणि तो दुसऱ्याला तिथे बिऱ्हाड करू देतो. नंतर मूळ मालकाला हाक मारली की दाराशी येतो भाडेकरू. ज्याने हाक मारली तो प्रोग्रॅम मग वेड्यासारखे करतो. याला मेमरीच्या ड्रायव्हरांचे भांडण म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटते कार्ड गेले. कार्ड बिचारे जागच्या जागी असते.

हे भांडण आहे की कार्ड खरेच गेले आहे, हे ओळखायची एक सोपी युक्ती डॉसच्या सहाव्या आवृत्तीत होती. 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसताच एफ ८ दाबायचे. मग कॉन्फिग.सिस या फाइलमधली एकेक ओळ दाखवून मशीन विचारते, ही घेऊ का? (एफ ५ दाबले तर सगळ्याच ओळी सोडून देते, पण मग कार्डाचा ड्रायव्हरही सुटतो, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नव्हता.) मी हायमेमला हो म्हटले, इएमएम३८६ ला नाही, बाकी सगळ्यांना हो. प्रोग्रॅम सुरू केला.

पडद्यावर देवनागरी आली. स्वच्छ. कार्ड जिवंत होते.

काकू मागून म्हणाल्या, "आलं काय?" मी म्हटले, "येतंय." कारण 'पदा' फाइल उघडायला गेलो तर प्रोग्रॅम म्हणाला, मेमरी अपुरी. वरचे भाडेकरू सगळे खाली आलेले ना! 'मेम' ही आज्ञा देऊन पाहिले तर खाली जेमतेम ४९१ केबी मोकळी उरली होती. कारभारी ठेवला तर कार्ड दिसत नाही, आणि काढला तर जागा पुरत नाही. माउस आणि डिस्कचा कॅश असे दोन-तीन ड्रायव्हर तात्पुरते गाळून तेवढ्यापुरते भागवता आले असते. पण मला एक प्रश्न सतावायला लागला. काकांनी दोन-अडीच वर्षे याच मशीनवर काम केले. तेव्हा हे भांडण कसे नव्हते?

म्हणून कॉन्फिग.सिस उघडून बघितली. इएमएम३८६ च्या ओळीत 'हायस्कॅन' असा एक शब्द होता. म्हणजे कारभाऱ्याला सांगितले होते, जरा जास्तच कसून जागा शोध. हा शब्द साधारणपणे माणूस हाताने घालत नाही. तो 'मेममेकर' नावाचा, डॉसबरोबर येणारा प्रोग्रॅम घालतो. मेमरीची मांडणी तो आपोआप लावून देत असे. फाइलची तारीख बघितली, १२ मे १९९७.

मेममेकर एक चांगली सवय पाळत असे. बदल करण्याआधी जुन्या फाइलीची प्रत तो 'यूएमबी' या शेपटाने ठेवून देई. डॉसच्या डिरेक्टरीत गेलो, कॉन्फिग.यूएमबी तिथे होती. त्यात तीच ओळ, पण शेवटी 'एक्स=डी०००-डी७एफएफ' एवढे जास्त. एक्स म्हणजे वगळ. कार्ड बसवून देणाऱ्याने चौदाव्या खणातल्या त्या ३२ केबीला कुलूप लावून ठेवले होते. इथे पाऊल टाकायचे नाही, इथे कोणी दिसले नाही तरी मालक आहे. मेममेकर चालवताना ते कुलूप निघाले होते.

आपणहून तो ते काढत नाही. खास मांडणी निवडली तर एका पडद्यावर तो काही प्रश्न विचारतो, त्यात एक असा असतो की आधीच्या वगळलेल्या आणि घेतलेल्या जागा तशाच ठेवू का? त्याचे आयते उत्तर 'होय' असते. ते कुणीतरी मुद्दाम 'नाही' केले होते.

आणि मग सी ड्राइव्हवरच्या डिरेक्टऱ्यांची यादी बघताना एक नाव दिसले. विमानांच्या लढाईचा एक खेळ. तारीख तीच, १२ मे १९९७.

वाचकहो, मी तेव्हा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा होतो. निकालाची वाट बघत दुपारभर काकांच्या घरी पडलेला असायचो. तो खेळ मी एका मित्राकडून चार फ्लॉपींवर आणला होता. त्याला ६०० केबीच्या वर मोकळी मेमरी लागायची. त्याच मित्राने सांगितले होते, मेममेकर चालव, सगळ्या प्रश्नांना जास्त जागा मिळेल असे उत्तर दे. काका त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेले होते. सगळे झाल्यावर मशीन पुन्हा सुरू झाले आणि मेममेकरने शेवटचा प्रश्न विचारला, तुमची सिस्टिम नीट चालते आहे असे दिसते का? मी खेळ लावून बघितला. विमान उडाले. मी 'होय' म्हटले. मराठीचा प्रोग्रॅम उघडून बघायचे माझ्या डोक्यातही आले नाही.

दोन-तीन दिवसांनी मशीन बिघडल्याचे कळले. त्या वेळी माझ्या मनात शंका आली होती का? खरे सांगायचे तर आली होती. पण दुरुस्तीवाल्याने कार्ड गेले म्हटल्यावर मी ती सोडून दिली. सतराव्या-अठराव्या वर्षी अशी शंका सोडून देणे फार सोपे असते. पुढे धारवाडला एम.ए.ला गेलो, नोकरी लागली, आणि खरोखरच विसरून गेलो.

त्या रात्री मी ते एवढेसे वाक्य, 'एक्स=डी०००-डी७एफएफ', परत टाइप केले. बरोबरचे चिन्ह आणि रेघ धरून बरोबर अकरा अक्षरे. 'हायस्कॅन' काढला. मशीन बंद करून सुरू केले. कार्ड दिसले, जागा पुरली, फाइल उघडली.

एक्केचाळीस पदे पूर्ण होती. बेचाळिसाव्याच्या चार ओळी होऊन पाचवी मध्येच तुटली होती. फाइल शेवटची साठवल्याची तारीख ११ मे १९९७. रविवार. दुपारी वीज गेली असेल, किंवा कोणी पाहुणे आले असतील. उद्या पुरे करू म्हणून दोघे उठले असतील. उद्या काका लग्नाला गेले आणि मी खेळ घेऊन आलो.

आधी फाइल साध्या मजकुरात साठवली, दोनदा. मग खुर्ची मागे फिरवली आणि काकूंना सांगितले. कुलूप, कारभारी, भाडेकरू असे काही न सांगता एवढेच सांगितले की कार्ड गेले नव्हते, मी खेळासाठी एक बदल केला आणि त्यामुळे ते बंद पडले, आणि हे मला आत्ता कळले.

काकू काही बोलल्या नाहीत. पडद्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांना वाटलं, आपल्याच हातून कायतरी चुकीचं दाबलं गेलं. चार दिवस नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, तुझ्या आईची पदं मी घालवली बघ."

मला वाटले होते त्या चिडतील, किंवा पोरपणी व्हायचेच म्हणून हसून सोडून देतील. या वाक्याची तयारी मी केली नव्हती.

"काकू, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मला शंका आली होती."

"आली होती काय?"

"आली होती."

त्यांनी मान हलवली. "मग बोलायला पाहिजे होतं," म्हणाल्या. एवढेच. आणि थोड्या वेळाने उठताना, "इरली बिडु. रात्र झाली. जेवून जा."

मी जेवून गेलो. पिठले-भात होता. दोघांनी फारसे बोलणे केले नाही.

शनिवारी डिस्क परत लॅपटॉपला लावून ती साधी फाइल आणली आणि कॉलेजातल्या एका बी.सी.ए.च्या मुलाकडे दिली. त्याने ती आजच्या युनिकोडमध्ये बदलून दिली, आणि काकूंना वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीची कानडीही करून दिली. त्याला ते दहा मिनिटांचे काम वाटले. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आराखड्यावरून उचलली आहे, त्यामुळे देवनागरी 'क'च्या आकड्यात सोळाच्या पद्धतीचे ३८० मिळवले की कानडी 'क' मिळतो, आणि बाकीची अक्षरेही त्याच अंतरावर. काकांची लिपी बदलायची करामत ती हीच.

मोठ्या टायपात छापून रविवारी सकाळी कागद काकूंच्या हातात दिले. भंगारवाला अंगणात तांब्याच्या तारा वेगळ्या करत बसला होता. काकूंनी चष्मा लावला, पहिले पद वाचायला घेतले आणि दुसऱ्या ओळीवर थांबल्या. पुन्हा वाचले. आणि एकदम हसायला लागल्या.

झाले होते असे. कानडीत 'ए' दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, 'ओ'ही तसेच. काकांनी मराठी सवयीने सगळीकडे आपला एकच 'ए' आणि एकच 'ओ' टाइप केला होता, आणि यंत्राने तो इमानाने दीर्घ धरला. त्यामुळे गूळ म्हणजे 'बेल्ल' तो 'बेऽल्ल' झाला, 'ओंदु'चा 'ओऽन्दु' झाला. बैलहोंगलच्या जात्यावरचे पद कानडी शिकणाऱ्या मराठी माणसाने म्हणावे तसे कागदावर उतरले होते.

"अय्यो, हे अस्संच बोलायचे रे! चाळीस वर्षं सांगून थकले. मंडईत बाया हसायच्या," काकू म्हणाल्या आणि पुढचे पद त्यांनी मोठ्याने, मुद्दाम काकांच्या उच्चारात वाचले. चुलतभाऊ बाहेरून आत आला. त्याला वाटले काय झाले. त्यानेही बापाचा आवाज ओळखला. तो माळ्याचा हिशेब विसरून दारातच बसला.

बी.सी.ए.चा मुलगा म्हणत होता, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून देतो. काकूंनी एका प्रतीत करायला सांगितले आणि एक प्रत तशीच ठेवायला सांगितली.

बेचाळिसाव्या पदाचे पुढे काय, हे मी विचारलेच. काकू बराच वेळ चाल गुणगुणत राहिल्या. चौथ्या ओळीपर्यंत यायच्या आणि थांबायच्या. पाचवीची तुटलेली दोन अक्षरे वाचून दाखवली तरी पुढचे आठवेना. तीन वेळा प्रयत्न करून त्यांनी कागद खाली ठेवला. "तेव्हा येत होतं," म्हणाल्या. ते ऐकून मी मान खाली घातली. त्यांनी ते मला लागावे म्हणून म्हटले नव्हते, हे मला कळत होते.

मग त्यांनीच मोबाइल मागितला आणि बैलहोंगलला धाकट्या बहिणीला फोन लावला. स्पीकरवर पाच-दहा मिनिटे दोघींची कानडी चालली होती, अर्धी पदाबद्दल आणि अर्धी कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल. बहिणीला ते पद येते. पण तिचे निराळे आहे, तिसऱ्या ओळीपासूनच वळण घेते, आणि काकूंच्या मते ते चूक आहे. बहिणीच्या मते आईने शेवटी शेवटी असेच म्हटले, मोठी तोपर्यंत लग्न होऊन बेळगावला गेली होती, तिला काय ठाऊक?

शेवटी ठरले की दोन्ही लिहून घ्यायची. येत्या रविवारी काकूंना घेऊन मी बैलहोंगलला जाणार आहे. लॅपटॉप नेतो म्हटले तर काकू म्हणाल्या, वहीसुद्धा घे.

मशीन भंगारात गेले नाही. ते आता आमच्या पुढच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी आहे. किती दिवस ते घरात ठेवणार असे मला घरातून दोनदा विचारून झाले आहे. विमानांचा खेळ मी त्यावरून पुसून टाकला. पुसण्याआधी एकदा लावून बघितला. विमान अजून उडते.